डीजीआरचा कोर्स कशावर खर्च करावा? साताऱ्यात परतणाऱ्या फौजींसाठी

सातारा, कोरेगाव, पाटण, कराड या पट्ट्यात पेन्शनवर येणाऱ्या फौजीला "एखादा कोर्स करून टाक" असं सांगणारे घरोघरी आहेत. कोणता करावा आणि कोणत्याला हातही लावू नये, हे सांगायला मात्र कुणी बसत नाही. गाडी इथेच अडते. फी भरायला सरकार तयार असतं, पण ती कुठे लावायची हे ठरवताना माणूस घाई करतो आणि मिळालेला कागद शिरवळच्या कंपनीच्या गेटवर कुणी हातातही घेत नाही.

आधी सोय काय आहे ते. संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखाली पुनर्वसन महासंचालनालय आहे, त्यालाच सगळे डीजीआर म्हणतात. नोकरी संपत आलेल्या सैनिकांसाठी ते दरवर्षी कोर्सची यादी काढतं. शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत, म्हणजे जवान आणि जेसीओ यांची कोर्सची फी डीजीआर पूर्ण भरतं. अधिकाऱ्यांची ६० टक्के भरतं, ४० टक्के त्यांनी स्वतः घालायची. लाखाचा कोर्स असेल तर अधिकाऱ्याच्या खिशातून ४० हजार जातात, हवालदाराचा एक पैसाही जात नाही. शिवाय नोकरीत असतानाच कोर्स होत असल्याने पगार चालू असतो. फीपुरतं बोलायचं तर या योजनेला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. घर चालवत चालवत पदरचे पैसे घालून शिकणाऱ्या बाहेरच्या माणसाला असं काही मिळत नाही.

पण ही संधी एकदाच आहे, म्हणून ती कशावर वापरायची याचा हिशेब आधी करावा. आमचा हिशेब सरळ आहे. जो कागद फौजीला जवळजवळ फुकटात किंवा चार दिवसांत मिळू शकतो, त्यावर कोर्स घालवू नये. ज्या कागदावर पुढे कायद्याने नोकरीच करता येत नाही, त्यावरही घालवू नये. बाहेर महाग मिळणारा आणि काम करायला कायद्याने लागणारा कागद असेल, तर त्यावर डोळे झाकून घालावा.

पहिल्या प्रकारातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ड्रायव्हिंग. एएससी (सैन्याचं रसद दल) असो, तोफखाना असो, इंजिनिअर्स असो, एमटीत, म्हणजे युनिटच्या गाड्यांवर, वर्षानुवर्षं स्टॅलियन ट्रक चालवलेला माणूस घरी येतो आणि पोवई नाक्यावरच्या कुणाच्या तरी सांगण्यावरून हेवी लायसन्ससाठी पुन्हा ट्रेनिंग स्कूलला पैसे भरतो. याची गरजच नसते. सैन्याच्या गाड्या चालवायला जे लायसन्स मिळतं ते मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८ खालचं असतं. याच कायद्याच्या कलम ९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की असं लायसन्स ज्याच्याकडे आहे किंवा पूर्वी होतं, त्याला त्याच प्रकारच्या वाहनासाठी पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. "पूर्वी होतं" हे शब्द महत्त्वाचे आहेत. साध्या, मुदत संपलेल्या लायसन्सला पाच वर्षांची अट आहे, ती या फौजी लायसन्सच्या वाक्यात नाही. म्हणजे पेन्शनवर येऊन काही वर्षं झालेल्या माणसालाही हा रस्ता मोकळा आहे.

लायसन्स देण्याची केंद्राच्या नियमातली फी २०० रुपये आहे, स्मार्ट कार्डाचे आणि टपालाचे वेगळे. अर्ज सारथी पोर्टलवर भरायचा, ट्रान्सपोर्ट वाहन असेल किंवा वय चाळिशीच्या पुढे असेल तर डॉक्टरकडून फॉर्म १-ए भरून घ्यायचा आणि कागद घेऊन आरटीओत जायचं. साताऱ्याचं एमएच ११, कराडचं एमएच ५० आणि सांगलीचं एमएच १०, यातलं तुमच्या पत्त्याला सोयीचं असेल तिथे जायचं.

हे काम बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. एक म्हणजे अस्सल फौजी लायसन्सच हाताशी नसतं. डिस्चार्जच्या गडबडीत ते युनिटमध्ये जमा होतं किंवा ट्रंकेत कुठेतरी राहतं. बाहेर पडण्याआधी त्याच्या सगळ्या पानांच्या साक्षांकित प्रती आणि लायसन्स नंबर, दिल्याची तारीख, वाहनांचे प्रकार लिहिलेलं युनिटचं सही-शिक्क्याचं पत्र घेऊनच निघावं. दुसरी अडचण वाहनाच्या प्रकाराची. फौजी लायसन्सवर गाडीचं वर्णन सैन्याच्या भाषेत असतं आणि आरटीओच्या खिडकीवरच्या माणसाला त्यातून एलएमव्ही (हलकं वाहन) की हेवी ट्रान्सपोर्ट हे कळायला हवं. टेस्टची सूट "त्याच प्रकारच्या" वाहनापुरती असल्यामुळे पत्रात प्रकार गुळमुळीत लिहिला असेल तर हातात नुसतं हलक्या गाडीचं लायसन्स पडतं. युनिटच्या क्लार्ककडून पत्र लिहून घेतानाच "हेवी गुड्स" किंवा "हेवी पॅसेंजर" असे नागरी शब्द त्यात घालून घ्या. तिसरी अडचण नावाची, तिच्याबद्दल खाली सविस्तर.

एसटीत जायचा विचार असेल तर हेवी पॅसेंजरसोबत बिल्लाही लागतो आणि त्याला पोलीस पडताळणी असते. तो आपोआप मिळत नाही. छोटा हत्ती किंवा पिकअप घेऊन भाजी, दूध वाहायचा बेत असेल तर लायसन्सवर वेगळ्या ट्रान्सपोर्ट शेऱ्याच्या (नोंदीच्या) मागे लागू नका. वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर साध्या एलएमव्ही लायसन्सवर ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे. ड्रायव्हरने खरोखर काही शिकायचंच असेल तर पेट्रोल, गॅस, रसायनांच्या टँकरचा शेरा घ्यावा. त्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं, एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते आणि आता तो तीन वर्षं चालतो. नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी असते. एवढ्यासाठीही डीजीआरची संधी घालवू नये. तीन दिवसांचं प्रशिक्षण पदरच्या पैशाने करावं आणि कोर्स दुसऱ्या कामाला ठेवावा.

सिक्युरिटीचंही तसंच. खाजगी सुरक्षा संस्था कायदा २००५ मध्ये आला. त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत नव्या गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानात असं किमान वीस कामाच्या दिवसांचं प्रशिक्षण सांगितलंय. माजी सैनिकाला मात्र ४० तास वर्ग, १६ तास मैदान, किमान सात कामाचे दिवस. आणि गार्ड प्रशिक्षित आहे हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने एजन्सीवर टाकली आहे. साध्या गार्डच्या नोकरीसाठी डीजीआरचा कोर्स वापरणं म्हणजे सोन्याच्या सुईने गोधडी शिवणं. स्वतःची एजन्सी काढायची असेल, साइट सांभाळायची असेल, हिशेब-पगार-पीएफ-ईएसआय बघायचं असेल, तर सुपरवायझर किंवा सिक्युरिटी मॅनेजमेंटच्या कोर्सचा विचार करायला हरकत नाही. गनमनच्या कामाचा शस्त्र परवाना हा पूर्ण वेगळा विषय आहे. तो जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो, २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याची मुदत पाच वर्षं आहे आणि त्याचा डीजीआरच्या कोर्सशी संबंध नाही. परवाना हातात येण्याआधी बंदुकीसाठी कुणाला आगाऊ पैसे देऊ नयेत.

आता ज्या कोर्सवर जवान सगळ्यात जास्त फसतात तो: सेफ्टी. एमआयडीसीत सेफ्टी ऑफिसरला चांगला पगार असतो हे खरं आहे. पण कारखान्यात कायद्याने नेमायच्या सेफ्टी ऑफिसरसाठी सेफ्टीचा डिप्लोमा एकटा पुरत नाही. त्याखाली इंजिनिअरिंगची पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव, किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा अथवा भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राची पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव, असा पाया नियमांनी मागितला आहे. आणि सेफ्टीचा डिप्लोमाही मान्यताप्राप्त हवा. बारावी पास हवालदाराने सहा महिने सेफ्टी शिकून घेतली तरी त्याला सुपरवायझर किंवा स्टुअर्ड म्हणून घेतात, पगार त्या मानाने कमी. हे कुणी आधी सांगत नाही, कारण वर्ग भरायचा असतो. इंजिनिअर्स किंवा ईएमईतल्या (सैन्याचं यंत्रदुरुस्ती दल) ज्याच्याकडे मान्यताप्राप्त डिप्लोमा खरोखर आहे, त्याच्यासाठी मात्र हाच कोर्स सोन्यासारखा आहे. कोर्स तोच असतो, फरक पडतो तो माणसाच्या आधीच्या शिक्षणाने.

दवाखान्याच्या बाजूचंही असंच आहे. मिरज आणि कराड ही मोठ्या दवाखान्यांची गावं, त्यामुळे मेडिकल कोअरमधल्या नर्सिंग असिस्टंटला वाटतं की एखादा छोटा कोर्स केला की काम झालं. काही आठवड्यांच्या कोर्सने नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही. मेडिकल दुकानात बसायलाही डी. फार्म आणि फार्मसी कौन्सिलची नोंदणी लागते. कोर्सच्या माहितीपत्रकात कौन्सिलचं नाव नसेल तर तो कागद भिंतीला लावायचा.

मग घ्यावं काय? आमच्या मते आज सातारा-सांगलीत परतणाऱ्या जवानासाठी ड्रोनचा कोर्स सगळ्यात उजवा आहे, तोही ठरावीक प्रकारचा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे रिमोट पायलट व्हायला दहावी पास आणि वय १८ ते ६५ एवढंच लागतं, म्हणजे पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडणाऱ्या फौजीपुढे पंचवीस-तीस वर्षं उरतात. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. बाहेर हेच करायला हजारांच्या पटीत पैसे मोजावे लागतात, म्हणून सरकारची फी इथे खऱ्या अर्थाने वसूल होते. कामही गावातच आहे. कृष्णाकाठचा ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवरचा पंप घेऊन आत शिरता येत नाही आणि तासगावकडच्या द्राक्षबागांत फवारणीला दिवस मोजून मिळतात.

इथे फसगत होते ती कागदाच्या नावात. "ड्रोन टेक्नॉलॉजी", "ड्रोन असेंब्ली", "ड्रोन रिपेअर" हे कोर्स वेगळे. त्यांच्या शेवटी रिमोट पायलट सर्टिफिकेट मिळतंच असं नाही. व्यावसायिक फवारणीसाठी ते सर्टिफिकेटच लागतं आणि ते फक्त डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्यता दिलेली प्रशिक्षण संस्थाच देऊ शकते. नाव नोंदवण्याआधी संस्था डीजीसीएच्या यादीत आहे का ते बघा आणि सर्टिफिकेट कोणत्या वर्गाचं मिळणार हेही विचारा. २५० ग्रॅम ते २ किलो हा मायक्रो वर्ग, २ ते २५ किलो स्मॉल, २५ ते १५० किलो मीडियम. वजन मोजताना औषधाने भरलेल्या टाकीसकट मोजतात. कोर्स स्मॉलचा आणि घेतलेला ड्रोन भरल्यावर २५ च्या पुढे, असं झालं तर तो उडवायचा अधिकार तुमच्याकडे नसतो. त्यामुळे आधी ड्रोन कोणता घेणार हे ठरवा, मग कोर्स.

सिग्नल्सवाल्यांनी नेटवर्किंगकडे जावं, पण एक गोष्ट लिहून विचारून घ्यावी: कोर्सच्या फीमध्ये परीक्षेची फी आहे का? सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेची एकट्याची फी ३०० डॉलर आहे, कर वेगळा, आणि सर्टिफिकेट तीनच वर्षं चालतं. संस्था शिकवून "कोर्स कंप्लिशन"चा कागद देते. कंपनीला तो नको असतो, तिला सिस्कोची परीक्षा पास झालेला माणूस हवा असतो. फीत परीक्षा नसेल तर शिकलेलं ताजं असतानाच, कोर्स संपल्यावर महिन्याभरात स्वतःच्या पैशाने परीक्षा देऊन टाकावी. सहा महिन्यांनी ती जड जाते.

साखर कारखान्यांबद्दल दोनच वाक्यं. बॉयलरवर उभं राहायला राज्याच्या बाष्पके संचालनालयाचं बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र लागतं, ते परीक्षा देऊन आणि बॉयलरवर काम केल्याच्या दाखल्यावर मिळतं. नौदलात इंजिनरूममध्ये काम केलेल्यांनी नोकरीतला अनुभव लेखी घेऊन यावा, तो नंतर मागायला गेलं की फार हेलपाटे पडतात.

ट्रेडबद्दल एक सांगायला हवं. सैन्यातला ट्रेड आणि बाहेरचा ट्रेड यांची बरोबरी दाखवणारी यादी डीजीआरकडे आहे आणि ती सरकारी भरतीत उपयोगी पडते. पण खाजगी कंपनीचा एचआरवाला ती वाचत नाही. त्याच्यासाठी राष्ट्रीय कौशल्य चौकटीतलं प्रमाणपत्र लागतं, ज्यावर लेव्हल लिहिलेली असते. आहे ते कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची आरपीएलची सोय आहे, तिला पूर्ण कोर्स लागत नाही. वेल्डर, फिटर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक अशा कसलेल्या हातांनी आधी आरपीएल बघावं. जे येतंच ते पुन्हा सहा महिने शिकण्यात डीजीआरची संधी जाऊ नये. अग्निवीरांना चार वर्षांनंतर कौशल्याचं प्रमाणपत्र द्यायची तरतूद आहे. त्यांनीही त्यावर लेव्हल आणि ट्रेडचं नागरी नाव नीट आलंय ना, हे सही करण्याआधी बघावं.

आता ती नावाची अडचण, जी जवळजवळ प्रत्येक अर्जात निघते. भरतीच्या वेळी नाव कसं लिहिलं गेलं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. शाळेच्या दाखल्यावर "जाधव संभाजी रामचंद्र", आधारवर "संभाजी रामचंद्र जाधव", डिस्चार्ज बुकात "जाधव संभाजी आर" किंवा नुसतंच "संभाजी जाधव". माणूस एकच, पण पोर्टलला तीन दिसतात. सारथी आधारशी जुळवून बघतं, परीक्षा घेणारी कंपनी ओळखपत्राशी, आणि सर्टिफिकेटवर नाव चुकलं की ते दुरुस्त करायला पुन्हा फी. जन्मतारखेचंही हेच. नोकरीत असताना हे दुरुस्त करायचा रस्ता युनिटमधूनच जातो: अर्ज, प्रतिज्ञापत्र, पार्ट टू ऑर्डर (युनिटचा नोंदीचा आदेश), मग रेकॉर्ड ऑफिसची नोंद. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, एवढं जवळ सगळ्यांचं नसतं. सिग्नल्सवाल्याला जबलपूरशी आणि ईएमईवाल्याला सिकंदराबादशी पत्रव्यवहार करावा लागतो. युनिटचा हेडक्लार्क हाताशी आहे तोवर हे काम उरकावं. शेवटच्या वर्षात आधार, पॅन, दहावीचं सर्टिफिकेट आणि सैन्याचं रेकॉर्ड समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. बायकोचं आणि मुलांचं नावही त्याच वेळी बघा, पुढे त्यांच्या सवलतींना तेच लागतं.

कोर्सचा अर्ज युनिटमार्फत रेकॉर्ड ऑफिसला आणि तिथून डीजीआरकडे जातो. मध्ये रजा, ड्युटी, बदली येते, जागा मोजक्या असतात. यादी निघाल्याबरोबर एकच नाही तर पसंतीचे दोन-तीन कोर्स ठरवून ठेवावेत. जागा साताऱ्यात मिळेल अशी आशा धरू नका, पुण्याला जायची तयारी ठेवा. राहणं, जेवण, प्रवास यांचं बजेट धरा, कारण फी म्हणजे शिकवणीची फी. आदेशात काय मंजूर आहे ते वाचूनच खोली बघा.

पोवई नाका, राजवाडा, सांगलीत कॉलेज कॉर्नर, सगळीकडे "माजी सैनिकांना खास सवलत, नोकरीची हमी" असे फलक दिसतात. सगळेच वाईट नाहीत. पण पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात: सर्टिफिकेट कुणाच्या नावाने निघतं, त्यावर नंबर आणि क्यूआर असतो का, परीक्षा कोण घेतं, आणि सांगितलेल्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरलाय का. नोकरीची हमी तोंडी असेल तर ती नाही असंच समजा.

ज्यांनी नोकरीत असताना कोर्स केलाच नाही, त्यांचं दार पूर्ण बंद झालेलं नसतं. अशा माजी सैनिकांसाठी डीजीआर राज्याच्या सैनिक मंडळांमार्फत वेगळे कोर्स चालवतं आणि ही सोय माजी सैनिकाच्या विधवेला किंवा घरातल्या एका अवलंबिताला मिळू शकते. त्यासाठी डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि माजी सैनिक ओळखपत्र घेऊन साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करावी. तोंडी विचारून परत येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, आणि पुढची बॅच निघेल तेव्हा कळावं म्हणून चालू मोबाइल नंबर तिथल्या रजिस्टरमध्ये लिहून घ्या. बहुतेकांचा तिथला नंबर जुनाच असतो आणि बॅच भरून गेल्यावर निरोप पोचतो.